संथ दाब की क्षणिक धक्का: खडकाची ताकद कोणती धरायची?

एकाच ग्रॅनाइटमधून कापलेले दोन नमुने. एक हायड्रॉलिक यंत्रात सावकाश दाबला, तर फुटायला काही मिनिटं लागतात. दुसरा हॉपकिन्सन बारमध्ये, म्हणजे दोन लांब धातूच्या दांड्यांमध्ये नमुना धरून एका टोकाला आघात करणाऱ्या यंत्रात, ठेवून धक्का दिला, की शे-दोनशे मायक्रोसेकंदांत खेळ खल्लास. आणि ताकद जास्त भरते ती दुसऱ्याची!

कारण भेगांमध्ये आहे. दाब हळू वाढला की सगळ्यात कमकुवत भेगा आधी उघडतात, वाढत जातात आणि नमुन्याला घेऊन बुडतात. धक्क्यात त्यांना तेवढी सवडच नसते. भेग पळून पळून किती पळणार, तिच्या वेगाला मर्यादा आहे. तोवर ताण आणखी चढतो आणि एरवी गप्प बसलेल्या असंख्य बारीक भेगा एकदम जाग्या होतात. म्हणून संथ चाचणीत मोजके मोठे तुकडे, धक्क्यात बारीक चुरा.

संथ चाचणी स्वस्त, सरळ, वाद कमी. हॉपकिन्सन बार मात्र नखरेल. ५० मिमी लांबीच्या नमुन्यातून धक्क्याची लाट एकदा पार व्हायला साधारण १० मायक्रोसेकंद लागतात. तिने पुढेमागे काही फेऱ्या मारून दोन्ही टोकांचा ताण समान होण्याआधीच नमुना फुटला, तर तो आकडा फेकून द्यावा. म्हणून आघाताच्या जागी तांब्याची छोटी चकती लावतात. धक्का जरा सावकाश चढतो. शिवाय फार वेगात वाढलेल्या ताकदीचा काही भाग खडकाचा नसतोच, जडत्वाचा असतो.

पाया किंवा खाणीतले खांब यांसाठी माझं मत संथ आकड्यालाच. सुरुंगाचं गणित मात्र नुसत्या त्यावर मांडू नये.