जुन्या पोकलेनसाठी घेतलेला कोड रीडर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

जुन्या पोकलेन विकत घेऊन, दुरुस्त करून त्या भाड्याने देण्याचा माझा व्यवसाय आहे. आठ महिन्यांपूर्वी मी २४ व्होल्टवर चालणारा आणि नऊ पिनांच्या गोल सॉकेटला लागणारा, इंजिनाच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारा एक हातातला कोड रीडर साडेअकरा हजार रुपयांना घेतला. याच घडणीचा रीडर बाजारात चार-पाच नावांनी विकला जातो, त्यामुळे कंपनीचे नाव बाजूला ठेवून तो काय सांगतो आणि कुठे गप्प बसतो, एवढेच येथे लिहितो.

इंजिनाचा कॉम्प्युटर जे१९३९ या पद्धतीने दोन वायरींवरून बोलतो आणि प्रत्येक बिघाड दोन आकड्यांत कळवतो. एसपीएन हा आकडा कोणत्या मोजमापाची तक्रार आहे ते सांगतो, तर एफएमआय ती कोणत्या प्रकारची आहे ते सांगतो. एसपीएन १०० म्हणजे इंजिन ऑइलचे प्रेशर. त्याच्यासोबत ३ आला तर सिग्नलचे व्होल्टेज प्रमाणाबाहेर वर गेले आहे आणि ४ आला तर खाली गेले आहे. दोन्ही वेळा संशय वायरीवर किंवा सेन्सरवर घ्यायचा. मात्र १०० सोबत १ आला, तर सेन्सर बहुधा खरेच बोलत असतो आणि ऑइलचे प्रेशर धोक्याच्या पातळीखाली गेलेले असते. तेव्हा पुढचा विचार इंजिन बंद करून मगच करावा. आमच्याकडचे बरेच मिस्त्री फक्त पहिला आकडा वाचतात आणि सेन्सर आणायला माणूस पाठवतात. रीडर दोन्ही आकडे एकाच ओळीत, मोठ्या अक्षरांत दाखवतो, ही त्याची मला सर्वांत आवडलेली गोष्ट.

तरीही पहिल्याच मोठ्या प्रसंगी मी फसलो. कराडजवळच्या एका खडी क्रशरवर लावलेली माझी २० टनी पोकलेन अचानक दम धरेनाशी झाली. रीडरवर चार कोड आले. ऑइल प्रेशर, बूस्ट प्रेशर (टर्बो इंजिनात ढकलतो त्या हवेचे) आणि डिझेलचे प्रेशर या तिघांपुढे एफएमआय ४ होता, आणि चौथ्या ओळीत नाव नसलेला ३५०९ हा आकडा होता, त्याच्यापुढेही ४. ज्याला नाव नाही ते बिनमहत्त्वाचे, असे समजून मी ती ओळ सोडून दिली आणि ७,८०० रुपयांचा ऑइल प्रेशर सेन्सर आणून बसवला. चारही कोड जागच्या जागी राहिले.

तीन सेन्सर एकाच क्षणी मरत नाहीत, हे रात्री घरी जेवताना लक्षात आले. दुसऱ्या दिवशी मल्टिमीटर घेऊन गेलो. या तिन्ही सेन्सरांना तीन-तीन वायरी असतात: एक ५ व्होल्टची, एक अर्थिंगची आणि एक सिग्नलची. इंजिन बंद ठेवून नुसती चावी फिरवली आणि ऑइल प्रेशरचा प्लग काढून मोजले, तर ५ व्होल्टच्या जागी ०.३ व्होल्ट मिळाले. उरलेले दोन प्लगही काढले, तरी मीटरचा आकडा हलला नाही. प्लग काढल्यावर व्होल्टेज परत आले असते तर त्या सेन्सरमध्येच शॉर्ट आहे असे म्हणता आले असते. ते आले नाही, म्हणजे दोष वायरिंगमध्ये होता. टर्बोच्या बाजूने जाणारी हार्नेसची, म्हणजे वायरींच्या जुडग्याची, काळी नळी उघडली, तेव्हा मूळची रबरी क्लिप तुटल्यावर कोणीतरी तो जुडगा सळया बांधायच्या बाइंडिंग वायरने ब्रॅकेटला आवळलेला दिसला. इंजिनाच्या थरथरीने ती तार नळी कापत आत शिरली होती आणि ५ व्होल्टच्या वायरीचे उघडे तांबे तिला टेकले होते. झाळ, स्लीव्ह आणि नवी रबरी क्लिप मिळून दोनशे रुपयेसुद्धा लागले नाहीत.

३५०९ म्हणजे सेन्सरांना जाणाऱ्या पहिल्या ५ व्होल्ट लाइनचा कोड, आणि ३५१० म्हणजे दुसऱ्या लाइनचा. खरा बिघाड त्या चौथ्या ओळीत लिहिलेला होता आणि वरच्या तीन ओळी केवळ त्याचे परिणाम होते. रीडरबद्दलची माझी मुख्य तक्रार हीच आहे: कॉम्प्युटरने पाठवलेला आकडा तो प्रामाणिकपणे दाखवतो, पण त्याच्या आतला शब्दकोश तोकडा आहे, आणि अनोळखी कोडपुढे निदान प्रश्नचिन्ह टाकण्याचे सौजन्यही त्याच्यात नाही. आता पेटीच्या झाकणाला आतून मी हाताने लिहिलेली यादी चिकटवली आहे.

यंत्र विकत घेताना मात्र या रीडरने आपली किंमत वसूल करून दिली. इंजिनाचा कॉम्प्युटर एकूण चाललेले तास स्वतःकडे जपून ठेवतो. एका व्यवहारात पॅनेलवरचा आवर मीटर ६,२०० दाखवत होता, तर रीडरवर ९,८४० आले, आणि दलालाने चहा मागवून विषय बदलला. पूर्वी येऊन गेलेले कोड आणि प्रत्येक कोड किती वेळा आला तेही दिसते. पण विकणाऱ्याने सकाळीच सगळे पुसून ठेवलेले असले, तर ही यादी कोरी येते. म्हणून मी यंत्र गरम होईपर्यंत, निदान चाळीस मिनिटे, भरलेल्या बकेटने चालवून घेतो आणि रीडर पुन्हा लावतो. तासांचा आकडा हजारांत आणि जुन्या कोडांची पाटी संपूर्ण स्वच्छ असेल, तर मला आनंद होण्याऐवजी शंका येते.

एकदा रीडर यंत्राशी जोडलाच जाईना. चावी बंद करून सॉकेटच्या सी आणि डी पिनांमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर ज्यांवरून बोलतो त्या दोन वायरींमध्ये, मोजले तर ६० ऐवजी १२० ओहम आले, म्हणजे लाइनच्या दोन टोकांना असणाऱ्या १२० ओहमच्या दोन रेझिस्टरांपैकी एक तुटलेला होता. दोष रीडरचा नव्हता, पण त्याच्या पडद्यावर नुसते ‘जोडणी नाही’ एवढेच येते.

हायड्रॉलिकच्या बाबतीत अपेक्षा ठेवू नये. पंपाच्या प्रेशर सेन्सरांचे कोड बहुतेक कंपन्या आपल्या खासगी भाषेत ठेवतात, आणि तिथे यंत्राच्या पॅनेलमधला सर्व्हिस मेनू उघडावा लागतो किंवा टेक्सा, जालटेस्ट यांसारखी अनेक कंपन्यांची यंत्रे वाचणारी महागडी साधने लागतात. मागच्या महिन्यात एका पोकलेनचा बूम (मोठा हात) जडपणे उचलत होता आणि रीडरवर एकही कोड नव्हता. शेवटी लॅपटॉपवाल्या तंत्रज्ञाला बोलावून त्याची फी मोजली. ज्याच्याकडे एकच यंत्र आहे त्याने हे पैसे अशा तंत्रज्ञासाठी राखून ठेवावेत आणि एक चांगला मल्टिमीटर घ्यावा. वर्षाला तीन-चार जुनी यंत्रे पाहणाऱ्याने मात्र रीडर घ्यायला हरकत नाही.