जिनिव्हाची अल्पसंख्याक फेलोशिप : जत-मिरजेच्या कार्यकर्त्यांनी अर्ज करावा का?

जरूर करावा. अल्पसंख्याक समाजांतल्या कार्यकर्त्यांना जिनिव्हात बोलावून हक्कांचं प्रशिक्षण देणारी, संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाची ही फेलोशिप 2005 पासूनची. निवड झाली की येण्याजाण्याचं विमानभाडं, राहण्या-जेवणाचा भत्ता आणि तेवढ्या दिवसांचा आरोग्य विमा मिळतो.

इथे अल्पसंख्याक म्हणजे फक्त धर्म नाही, ही आम्हाला सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते. आपल्याकडे केंद्राने अधिसूचित केलेले समाज सहा : मुस्लिम, ख्रिस्ती, शीख, बौद्ध, पारशी आणि 2014 पासून जैन. संयुक्त राष्ट्रांच्या 1992 च्या जाहीरनाम्यात मात्र भाषिक अल्पसंख्याकही येतात. म्हणजे जत तालुक्यातल्या कन्नड शाळांसाठी झटणारी लिंगायत मुलगीही अर्ज करू शकते. हे तिला कुणी सांगतच नाही.

घोडं अडतं ते संस्थेच्या पत्रापाशी. अल्पसंख्याकांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेची शिफारस लागते, आणि आपल्याकडची पत्रं 'सदर कार्यकर्ती होतकरू असून तिची वर्तणूक चांगली आहे' एवढ्यावरच संपतात. निवडणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. ती किती वर्षं, कोणत्या गावांत काम करते, कन्नड शिक्षकांच्या रिकाम्या जागांसाठी जिल्हा परिषदेला किती निवेदनं दिली आणि परत आल्यावर कुणाला काय शिकवणार, हे लिहा. 'समाजाची सेवा करीन' यापेक्षा 'शाळा व्यवस्थापन समित्यांच्या दोन कार्यशाळा घेईन' हे वाक्य जास्त वजनदार.

पासपोर्ट आधीच काढून ठेवा. दाखल्यावर, आधारवर आणि पासपोर्टवर नावाचं इंग्रजी स्पेलिंग एकच हवं. शेख, मुल्ला, पाटील यांतही एखादं अक्षर इकडेतिकडे असतं आणि ऐनवेळी धावपळ होते. शेंगेन व्हिसासाठी (स्वित्झर्लंडसह युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक व्हिसा) पासपोर्टला परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिन्यांची मुदत आणि दोन कोरी पानं लागतात.

उणी बाजू इंग्रजीची. तिथे दिवसभर इंग्रजीतून ऐकायचं, वाचायचं, मुद्दा मांडायचा. मराठी किंवा कन्नड माध्यमातून आलेल्यांना हे जड जातं. रोज तीनशे शब्दांचं निवेदन घड्याळ लावून तीन मिनिटांत मोठ्याने वाचा. त्याहून वेगाने वाचलं तर दुभाष्यांची दमछाक होते आणि मुद्दा हरवतो.

निवड झाली नाही, तरी जिनिव्हात भरणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या अल्पसंख्याकविषयक मंचाच्या बैठकीसाठी संस्थेमार्फत नोंदणी करता येते. त्यासाठी संस्थेला संयुक्त राष्ट्रांचा सल्लागार दर्जा, म्हणजे त्यांची अधिकृत मान्यता, असावाच लागतो असं नाही. प्रवासखर्च मात्र स्वतःचा.