पेठेतली कॉट की उपनगरातला फ्लॅट?

स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी पुण्यात येणाऱ्या विद्यार्थ्यापुढे मुख्यतः दोन पर्याय असतात: सदाशिव किंवा नारायण पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे इतरांसोबतच्या खोलीत फक्त एका खाटेपुरती जागा भाड्याने घेऊन, राहणे, अथवा तिघाचौघांनी मिळून वारजे, धायरीकडे फ्लॅट भाड्याने घेणे.

कॉटचे भाडे माणशी ठरते, अनामत रक्कम तुलनेने कमी लागते आणि अभ्यासिका, मेस, पुस्तकांची दुकाने पायी अंतरावर असल्याने रोजचा वेळ पीएमपी बसच्या गर्दीत जात नाही. मात्र एका स्वच्छतागृहामागे किती जण आहेत, पाणी किती वेळ येते, खिडकी उघडते की शेजारच्या इमारतीच्या भिंतीला टेकते, हे सकाळी जाऊन स्वतः पाहावे. कारण दुपारी मुले अभ्यासिकेत असताना खोली ऐसपैस भासते.

फ्लॅटमध्ये स्वयंपाकाची सोय आणि मोकळेपणा मिळतो, परंतु दलाली द्यावी लागू शकते आणि एखादा मध्येच सोडून गेला की त्याचा वाटा उरलेल्यांवर पडतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स (ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा) करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. तरीही मुले त्याबद्दल विचारायला संकोचतात, याचे फार वाईट वाटते.

माझ्या मते, शहर नवे असताना पहिले वर्ष कॉटवर काढावे आणि स्वभाव जुळलेले सोबती मिळाल्यावरच, सर्वांची नावे करारात घालून, फ्लॅट घ्यावा.