सेव्हेरियन, क्वोथ की जेन: आधी कोणाची गोष्ट ऐकायची?

‘निवेदकच भरवशाचा नाही अशी एखादी फँटसी मालिका सुचवा’ असं कुणी म्हटलं की फिरून फिरून तीच तीन नावं पुढे येतात. जीन वुल्फची ‘द बुक ऑफ द न्यू सन’, पॅट्रिक रॉथफसची ‘द किंगकिलर क्रॉनिकल’ आणि मेगन व्हेलन टर्नरची ‘द क्वीन्स थीफ’. तिघांचेही निवेदक हातचं राखून सांगतात. पण राखण्याची कारणं वेगळी आहेत, आणि माझ्या मते निवड त्यावरच करावी. रॉथफसचा क्वोथ नट आहे. टर्नरचा जेन चोर आहे. वुल्फच्या सेव्हेरियनला मात्र आपण काही लपवतोय असं वाटतच नाही, आणि म्हणून तो सगळ्यात अवघड.

पुढे थोडे स्पॉयलर आहेत. मुख्य धक्के शाबूत ठेवले आहेत.

क्वोथपासून सुरू करतो, कारण बहुतेक जण तिथूनच करतात. एका आडगावात खानावळ चालवणारा माणूस आपली जीवनकहाणी तीन दिवसांत एका लेखनिकाला सांगतो. एक दिवस म्हणजे एक पुस्तक. पहिलं, ‘द नेम ऑफ द विंड’, 2007 साली आलं आणि दुसरं, ‘द वाइज मॅन्स फिअर’, 2011 साली. हा माणूस फिरत्या नाटकमंडळीत वाढलेला. आपल्याबद्दलच्या सगळ्यात भारी थापा आपणच पसरवल्या, हेही तो सुरुवातीलाच कबूल करून टाकतो. तरी वाचक भुलतो, कारण तो सांगतोच इतकं देखणं.

डेना या मुलीचं उदाहरण घ्या. क्वोथ तिच्या रूपाचं वर्णन करायला बसतो तेव्हा त्याला शब्द पुरत नाहीत. त्याचा चेला बास्ट शेजारीच बसलेला असतो. त्यानेही तिला एकदा पाहिलेलं. तो मध्येच बोलून जातो की तिचं नाक जरा वाकडं होतं. पहिल्या वाचनात आपण हसतो: प्रेमात पडलेल्याला नाक कुठलं दिसायला! पण दुसऱ्या पुस्तकात क्वोथ गाठींची एक जुनी लिपी शिकतो आणि डेनाच्या वेणीत त्याला ‘सुंदर’ या अर्थाचा शब्द गुंफलेला दिसतो. तो तसं बोलून दाखवतो तर ती दचकते आणि वेणी सोडून टाकते. लेखक यावर अवाक्षर काढत नाही. दोन प्रसंगांमध्ये शेकडो पानं आहेत. ते नाक आणि ही वेणी शेजारी ठेवली की शंका येते: ती त्याला सुंदर दिसत होती, की दिसावी अशी सोय केलेली होती?

दुसरा नमुना तर आपल्याकडच्या उखाण्याचाच भाऊबंद आहे. क्वोथचा बाप बायकोला चिडवायला एक कविता रचतो. हिला स्वयंपाक येत नाही, पण हिशोब चोख ठेवते, अशा थाटाची. शेवटची ओळ इंग्रजीत ‘नॉट टॅली अ लॉट लेस’. मोठ्याने, भरभर म्हणून बघा: नेटालिया लॅकलेस. लॅकलेस हे त्या राज्यातलं बडं खानदान, आणि त्यांची एक मुलगी नाटकवाल्यांबरोबर पळून गेल्याचा उल्लेख दुसरीकडेच कुठेतरी येतो. बापाने उखाण्यात बायकोचं नाव घेतलंय. आयुष्यभर स्मरणशक्तीची आणि हुशारीची मिजास मारणाऱ्या मुलाला ते ऐकू आलेलं नाही. निदान आलं असं तो सांगत तरी नाही. मला स्वतःला ते पहिल्या खेपेला अजिबात कळलं नव्हतं, आणि कळलं तेव्हा मी ती ओळ रिकाम्या खोलीत चार वेळा म्हटली.

क्वोथ काय गाळतो, तेही बघण्यासारखं आहे. त्याच्यावर खटला चालतो; लेखनिकाला त्यात रस असतो, हा दोन शब्दांत गुंडाळतो. समुद्रप्रवासात वादळ, चाचे, जहाज फुटणं असं सगळं घडतं, तेही काही ओळींत उरकतं. आणि एखाद्या संध्याकाळी ल्यूट कशी वाजवली याला मात्र पानंच्या पानं. ज्याला जे मिरवायचंय तेवढंच मंचावर येतं.

आता यातली गोम. तिसरं पुस्तक आलेलं नाही. मधल्या काळात 2014 आणि 2023 साली दोन छोटी पुस्तकं आली, पण तिसरा दिवस उजाडलेला नाही. म्हणजे वर सांगितलेल्या सगळ्या शंका आजही शंकाच आहेत. वाचकांनी लावलेले तर्क भन्नाट आहेत, पण खरं-खोटं करायला कुणी नाही. साडेसहाशेहून जास्त पानांचं एक आणि जवळपास 1000 पानांचं दुसरं वाचून अधांतरी लटकायची तयारी असेल तरच या वाटेला जा.

वुल्फची चार पुस्तकं 1980 ते 1983 या काळात आली आणि 1987 साली पुरवणीसारखं पाचवं. गोष्ट पूर्ण आहे, कुणाची वाट बघायची नाही. पण पूर्ण असणं वेगळं आणि उलगडलेलं असणं वेगळं.

सेव्हेरियन हा छळिकांच्या संघात वाढलेला पोरगा. आपण काहीही विसरत नाही, असा त्याचा दावा. पहिल्या पुस्तकात तो एका जुन्या चित्रदालनात जातो. तिथे एक म्हातारा चित्रं पुसतोय. एका चित्रात ओसाड माळावर चिलखत घातलेला एक जण उभा आहे. हत्यार नाही, हातात काठीला लावलेलं ताठ निशाण. शिरस्त्राणाचा पुढचा भाग अख्खा सोन्याचा, डोळ्यांना फट नाही, आणि त्यात समोरचं वाळवंट उमटलेलं. सेव्हेरियन एवढं सांगतो आणि पुढे जातो. त्याला चित्र नीट आठवतं, कशाचं आहे ते माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे. 1969 साली चंद्रावर काढलेला तो फोटो तुम्ही शाळेच्या पुस्तकात पाहिलेला आहे. एका झटक्यात कळतं की ही राजेरजवाड्यांची जुनी दुनिया नाही, आपल्याही नंतरची, फार फार नंतरची पृथ्वी आहे. मग त्याचा तो धातूच्या भिंतींचा ‘मनोरा’ मुळात काय असावा, हे तुमचं तुम्हीच ओळखायचं.

क्वोथच्या बाबतीत आपण विचारतो, ‘हा खरं बोलतोय का?’ सेव्हेरियनच्या बाबतीत प्रश्न असा की, ‘याला जे दिसलं ते याला कळलंय का?’ तळ्यावर होडी घेऊन फिरणारा एक म्हातारा आहे, वर्षानुवर्षं बायकोचं प्रेत शोधणारा. त्याच तळ्यातून एक तरुण मुलगी वर येते; आपण कोण हे तिला आठवत नाही. पुढे एका खानावळीत एक वाढपी तिला बघून चमकतो. या तिघांचं एकमेकांशी आणि खुद्द निवेदकाशी काय नातं, हे जोडायचं काम बहुतांशी वाचकावर सोडलेलं आहे. त्यात भर म्हणजे दुसऱ्या पुस्तकात अशी एक घटना घडते की तिथून पुढे ‘मी’ म्हणजे नेमका कोण बोलतोय, याचीच खात्री राहत नाही. न विसरणाऱ्या माणसाच्या आठवणींत दुसऱ्याच कुणाच्या आठवणी मिसळलेल्या. काही वाक्यं वाचताना अंगावर काटा येतो, कारण मध्येच आवाज बदलल्यासारखा वाटतो.

त्रास कसला, तर भाषेचा. वुल्फने शब्द बनवले नाहीत असं म्हणतात तरी ते आपल्याला बनवल्यासारखेच वाटतात, कारण त्याने ग्रीक-लॅटिनच्या तळघरातून जुने शब्द उपसून आणलेत. संघाच्या झग्याचा रंग ‘फ्युलिजिन’, काळ्याहून काळा. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ काजळी. कंदिलाची काच पुसलेल्याला तो रंग शब्दकोशाशिवाय दिसेल. पण प्रत्येक वेळी असा हात लागत नाही, आणि फोनवर शब्द दाबून अर्थ शोधत बसलात तर पन्नासाव्या पानावर पुस्तक खाली ठेवाल. न कळलेला शब्द सोडून पुढे जायचं. वुल्फ पेशाने इंजिनीअर होता, प्रिंगल्सच्या चकत्या तळणाऱ्या यंत्रावर त्याने काम केलंय. त्याच्या कादंबरीतही सुट्टा पडलेला स्क्रू सहसा निरुपयोगी नसतो, एवढा भरवसा ठेवायचा. शिवाय मजकूर रक्ताळलेला आहे आणि सेव्हेरियन बायकांबद्दल ज्या नजरेने बोलतो ती कित्येकदा खटकते. ती नजर लेखकाची की पात्राची, यावर दोन्ही बाजूंनी भांडता येतं; मी अजून ठरवलेलं नाही.

टर्नरच्या जेनबद्दल जास्त लिहिणं म्हणजे तुमच्या ताटातला लाडू उचलणं. ‘द थीफ’ हे पहिलं पुस्तक 1996 सालचं, 300 पानांच्या आतलं, मुळात किशोरांसाठी लिहिलेलं, ग्रीसच्या वळणाची दुनिया. राजाचा पंडित तुरुंगातून एका बडबड्या चोराला सोडवून एक वस्तू चोरायला घेऊन जातो. चोर वाटभर कुरकुर करतो: भूक, घोडा, थंडी. तो आपल्याशी खोटं जवळपास बोलतच नाही, नको ते फक्त सांगत नाही. दुसऱ्या वाचनात तीच कुरकुर वेगळी ऐकू येते. पुढच्या पुस्तकांत ‘मी’ सुटतो आणि जेन आपल्याला बाहेरून दिसू लागतो. 2006 सालच्या भागात एक भोळा पहारेकरी त्याला बघतो आणि आपण जसे फसलो तसाच फसतो. सहा भागांत, 2020 साली, मालिका संपली आहे.

तेव्हा, इंग्रजी कादंबऱ्यांची फारशी सवय नसेल, किंवा घरातल्या आठवी-नववीतल्या पोराबरोबर वाचायचं असेल, तर डोळे झाकून जेन. मित्रमंडळींत तर्क लढवत बसायची हौस असेल आणि शेवट न मिळाल्याने झोप उडत नसेल तर क्वोथ. त्याच्यासारखं गोड गद्य बाकी दोघांकडे नाही. एकच पुस्तक दोनदा वाचणं तुम्हाला वेळेचा अपव्यय वाटत असेल तर सेव्हेरियनच्या वाटेला जाऊ नका. वाटत नसेल तर मात्र तिघांत तोच पहिला. पहिलं वाचन तिथे नुसतं मशागतीचं असतं.

घेताना चार सुटी पुस्तकं शोधत बसू नका. ‘शॅडो अँड क्लॉ’ आणि ‘सोर्ड अँड सिटाडेल’ अशा दोन जोडखंडांत चौघं मिळतात. आणि पहिल्या प्रकरणाचं नाव नजरेआड करू नका: ‘रिझरेक्शन अँड डेथ’. आधी पुनरुत्थान, मग मृत्यू. पोरगा नदीत बुडता बुडता वाचलाय एवढंच तिथे कळतं. चौथं पुस्तक मिटलं की लगेच ते पान परत उघडा आणि क्रम उलटा का, ते बघा.