साडेतीन हजारांचं टेम्प्लेट, दीड लाखाचा चुना

आधी आकडे, म्हणजे कुणी "जाऊ दे, थोडेच गेले असतील" म्हणणार नाही. ट्रस्टसाठी बनवून घेतलेल्या मोबाइल ॲपचं कोटेशन 1,80,000. आगाऊ 40 टक्के, 72,000. डेमोनंतर 54,000. सर्व्हरचं वर्षाचं भाडं म्हणून 18,000. प्ले स्टोअरच्या खात्याची फी म्हणून 7,500. एकूण 1,51,500 गेले आणि एकाही पैशाचं जीएसटी बिल नाही.

काम काय होतं? गिरगावातल्या आमच्या ट्रस्टकडे कॅसेटवरून उतरवलेली 1,140 कीर्तनं आणि व्याख्यानं आहेत. ती फोनवर शोधता यावीत, ऐकता यावीत, बस्स. "झिरोपासून कोड लिहू सर" असं अंधेरीच्या ज्या ॲप बनवणाऱ्याला काम दिलं त्याने सांगितलं. दिलं ते सिनेमे दाखवण्यासाठी बनवलेलं, 39 डॉलरला मिळणारं स्टार्टर टेम्प्लेट, म्हणजे आधीच लिहून ठेवलेला ॲपचा तयार सांगाडा. लोगो आमचा, रंग भगवा, बाकी सगळं जसंच्या तसं.

टेम्प्लेट वापरणं गुन्हा नाही. मीही वापरलं असतं. लॉगिन, टॅब, प्लेअर पुन्हा कशाला लिहायचे? पण मग बिल टेम्प्लेटमध्ये केलेल्या बदलांचं लावा, आणि ते बदल करा तरी.

कळायला हवं होतं ते चौथ्या दिवशी. आगाऊ रक्कम दिल्यापासून चौथ्या दिवशी अकरा स्क्रीन तयार! त्याने फोन माझ्या हातात दिला. मी शोधचौकटीत "नारद" टाइप केलं आणि खाली उमटलं: "नो मूव्हीज फाउंड". मूव्हीज! कीर्तनाच्या ॲपमध्ये! "प्लेसहोल्डर आहे सर, तात्पुरता मजकूर, बदलतो," तो हसत म्हणाला, आणि मी मान डोलावली. मी, जो गेली चौदा वर्षं कोड लिहून पोट भरतोय. माझं काम बॅकएंडचं, म्हणजे सर्व्हरच्या बाजूचं, मोबाइलचं नाही, आणि समोर ट्रस्टचे दोन ज्येष्ठ विश्वस्त "छान, छान" म्हणत बसले होते. तिथे खोड काढणं बरं दिसलं नसतं. पण त्याच क्षणी "सोर्स कोडची रेपॉझिटरी दाखव, पहिल्या कमिटपासून" म्हणायला कुणी हात धरला नव्हता. रेपॉझिटरी म्हणजे कोड ठेवायची जागा, कमिट म्हणजे तिथे बदलांची केलेली एकेक नोंद. झिरोपासून लिहिलेल्या कामात रोजचे लहान लहान कमिट दिसतात. इथे पहिल्याच कमिटमध्ये अख्खं ॲप होतं, दुसऱ्यात लोगो. हे मी बघितलं 54,000 गेल्यावर.

आता ॲप चालतं कसं ते ऐका. मुळात व्हिडिओ प्लेअर, त्यामुळे स्क्रीन बंद झाली की आवाज बंद. म्हणजे चर्नी रोडला कीर्तन लावून फोन खिशात टाकला की गाडी सुटायच्या आत बुवा गप्प. अँड्रॉइड 14 पासून पार्श्वभूमीत ऑडिओ चालू ठेवायला मॅनिफेस्टमध्ये (ॲपची माहिती सिस्टिमला देणाऱ्या फाइलमध्ये) फोरग्राउंड सर्व्हिसचा, म्हणजे स्क्रीन बंद असतानाही चालू राहणाऱ्या कामाचा, प्रकार "मीडिया प्लेबॅक" असा लिहावा लागतो आणि त्याची परवानगीही वेगळी मागावी लागते. आयफोनला इन्फो फाइलमध्ये बॅकग्राउंड मोडखाली ऑडिओ टाकावा लागतो. दोन्ही नाहीत.

यादी साध्या स्क्रोल व्ह्यूमध्ये टाकलेली, जो सगळ्या नोंदी एका दमात पडद्यासाठी तयार करतो. टेम्प्लेटमध्ये नमुन्याचे 20 सिनेमे होते, तेव्हा ते खपून गेलं असेल. आमच्या 1,140 नोंदी एकदम तयार व्हायला लागल्या आणि तीन जीबी रॅमचे फोन लटकले. लांब याद्यांसाठीच असलेली फ्लॅट लिस्ट लावली असती तर पडद्यावरच्या आणि आजूबाजूच्या नोंदीच तयार झाल्या असत्या.

आणि शोध, जो या ॲपचा जीव. "ॲ" दोन प्रकारे टाइप होतो: एक अखंड अक्षर, दुसरा "अ"वर चंद्र दिलेला "अॅ". दिसायला सारखेच, पण संगणकातले अक्षरांचे कोड वेगळे, आणि युनिकोडचं (त्या कोडच्या पद्धतीचं) नेहमीचं नॉर्मलायझेशन, म्हणजे सारखी अक्षरं एका रूपात आणणं, त्यांना एक करत नाही. आमच्या व्याख्यात्यांमध्ये ॲडव्होकेट ढिगाने. अर्धे सापडतात, अर्धे नाहीत. साठवताना आणि शोधताना दोन्हीकडे एकच रूप करून घेणं म्हणजे दहा ओळींचं काम हो. उजवीकडे ए ते झेड अक्षरांची पट्टी मात्र दिमाखात उभी आहे. मराठी शीर्षकांना!

सर्व्हरचे 18,000? तासाभराचं कीर्तन 64 केबीपीएसला (बोलण्याला पुरेशा आवाजाच्या दर्जाला) साधारण 29 एमबी होतं. सगळं मिळून 33 जीबी. एवढं क्लाउडवर नुसतं ठेवायला महिन्याला शंभर रुपयेही लागत नाहीत. ऐकणाऱ्यांच्या डेटाचे पैसे वेगळे, पण ऐकायला अजून आलंय कोण? फायरबेसचा (फायली ठेवायच्या गूगलच्या क्लाउड सेवेचा) प्रोजेक्ट त्याच्या जीमेलवर, म्हणजे आमच्या फायलींची किल्ली त्याच्याकडे. प्रोजेक्ट तुमच्या खात्यावर उघडा आणि त्याला आत घ्या, उलट कधीच नाही.

प्ले स्टोअरची नोंदणी फी एकदाच, 25 डॉलर. 7,500 कुठून आले? वर म्हणे, "तुमच्या खात्याला 12 टेस्टर 14 दिवस लागतील, माझ्या खात्यावरून लगेच टाकतो." ती अट 13 नोव्हेंबर 2023 नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना आहे. संस्थेच्या खात्याला नाही. त्याला डी-यू-एन-एस नंबर (संस्थेची ओळख पटवणारा क्रमांक) लागतो, तो आम्ही काढला असता. एकदा प्रकाशित झाल्यावर पॅकेज नेम, म्हणजे ॲपचं स्टोअरमधलं ओळखनाव, बदलता येत नाही, हेही तेव्हा कुणी बोललं नाही.

तक्रारीची गंमत तर विचारूच नका. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 वर, फोन केला. "ओटीपी दिला होता का? लिंक दाबली होती का? नाही? स्वतः पाठवलेत ना पैसे?" संपलं. पोलीस ठाण्यात तीन फेऱ्या. तिसऱ्या फेरीत साहेबांना समजावलं, की शिंप्याला मापं देऊन शर्ट शिवायला सांगितला आणि त्याने फॅशन स्ट्रीटचा तयार शर्ट आणून शिलाईचे पैसे लावले. साहेब म्हणाले, "अंगात बसतो ना? मग दिवाणी मॅटर." भारतीय न्याय संहितेचं कलम 318 फसवणुकीचंच आहे म्हटलं, तर "तुम्ही वकील आहात का?" अर्ज घेतला, पोच मागितली तर "उद्या या". ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही हे वाचून गेलो, तर पहिला प्रश्न, ट्रस्ट ग्राहक कसा? त्याचं उत्तर शोधायला वकिलाकडे गेलो, त्याची फी वेगळी.

शिवाय कॉपीराइट. कायद्याच्या कलम 19 प्रमाणे हक्क लेखी दिल्याशिवाय तुमच्याकडे येत नाहीत. आमच्याकडे लेखी म्हणजे व्हॉट्सॲपवरचे अंगठे. टेम्प्लेटचा परवाना कुणाच्या नावावर, किती ॲपसाठी, हेही पहिल्याच दिवशी कागदावर घ्यायला हवं होतं.

सध्याची स्थिती: ॲप त्याच्या खात्यावर आहे. ते आमच्या खात्यावर हलवायचं तर विनंती जुन्या खातेदारानेच करावी लागते. ती करायला तो उरलेले 54,000 मागतोय.