फिग्मावर थांबायचं की सीएसएसपर्यंत जायचं?

मी पहिली सहा वर्षं फक्त डिझाइन केलं. आधी फोटोशॉपमध्ये, मग फिग्मा या स्क्रीन आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये. स्क्रीन आखायची, फाइल डेव्हलपरच्या हवाली करायची आणि पुढच्या कामाला लागायचं. गेली पाच वर्षं मात्र माझ्या डिझाइनचं एचटीएमएल (पानाचा मजकूर आणि सांगाडा) आणि सीएसएस (पान कसं दिसावं ते ठरवणारे नियम) मीच लिहितो. दोन्ही पद्धती अंगावरून गेल्या आहेत, म्हणून हे लिहायचं धाडस करतोय.

'कोड शिकू का?' असं विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेची धास्ती असते. ती बाजूला ठेवू. लॉगिन, डेटाबेस, पेमेंट हे डेव्हलपरचं काम आहे आणि त्यांच्याकडेच राहावं. वेब डिझायनरपुढची निवड त्याहून लहान आहे: फिग्मावर थांबायचं, की सीएसएसपर्यंत जायचं?

थांबणाऱ्यांची बाजू आधी मांडतो, कारण ती कच्ची नाही. माझी एक जुनी सहकारी कोडची एक ओळही लिहीत नाही. तो वेळ ती बाजार समितीत अडत्याच्या गाळ्यावर बसून घालवते. हमाल, शेतकरी, दिवाणजी फोनवर पावती कशी शोधतात, अंगठा कुठे अडतो, ते बघत राहते. तिच्या स्क्रीन माझ्यापेक्षा धीट असतात, हे मी मनापासून मान्य करतो. कोड यायला लागल्यापासून मला पहिल्या रेघेलाच 'हे ग्रिडच्या उभ्या-आडव्या चौकटींत कसं बसेल' असं वाटायला लागतं, आणि जे पटकन बसेल तिकडे हात वळतो. ही सवय मोडायला मला आजही मुद्दाम कागद-पेन्सिल घ्यावी लागते.

शिवाय फिग्मासुद्धा आता नुसतं चित्र राहिलेलं नाही. २०१९ च्या अखेरीस ऑटो लेआउट आलं, म्हणजे आतला मजकूर बदलला की चौकट आपोआप जुळवून घेते. ते ज्याला नीट जमतं, त्याला फ्लेक्सबॉक्सची, म्हणजे सीएसएसमधल्या मांडणीच्या एका पद्धतीची, चाल निम्मी कळलेलीच असते. २०२३ पासून डेव्ह मोड या फिग्मातल्या खास दृश्यात डेव्हलपरला मापं आणि सीएसएस थेट दिसतं. मोठ्या कंपनीत तयार डिझाइन सिस्टिम (बटणं, रंग, अक्षरं यांचा ठरलेला संच) असेल, शेजारी जाणता फ्रंटएंड, म्हणजे पानाचा दिसणारा भाग बांधणारा, डेव्हलपर बसत असेल, तर तेवढ्यावर उत्तम काम चालतं.

वेबफ्लो किंवा फ्रेमरसारख्या, कोड न लिहिता साइट बांधायच्या साधनांचा मधला मार्गही आहे. छोट्या साइटला तो पुरतो. पण तिथल्या पट्टीवर पॅडिंग, पोझिशन असे सीएसएसचेच शब्द असतात, त्यामुळे सीएसएस समजून घेणं तिथेही चुकत नाही.

आता माझं पारडं कशामुळे झुकलं ते सांगतो. कारण एकच आहे आणि ते ऐकायला किरकोळ वाटेल.

मसाल्यांच्या एका घरगुती व्यवसायाची मराठी साइट करत होतो. प्रत्येक मसाल्याचं एक कार्ड, वर फोटो, खाली ठळक अक्षरात नाव. फिग्मात सगळं देखणं होतं. देवनागरीला वर-खाली जागा लागते म्हणून लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची, मी १.५ ठेवली होती. साइट चढली, फोनवर उघडली आणि 'मिरची पूड' वाचताच येईना. वेलांट्यांचे वरचे गोल कापले गेले होते. गोल गेला की 'मि'चा नुसता काना उरतो, तोही म च्या अलीकडे. आणि 'ची'चा होतो 'चा'. खालून ऊकार कापला गेल्याने 'पूड'चं 'पड' झालं होतं. भरीला प्रत्येक अक्षरानंतर शिरोरेषा तुटलेली. एक शब्द नव्हे, सुटी सुटी अक्षरं दोरीवर वाळत घातल्यासारखी दिसत होती.

डेव्हलपर दक्षिणेतला होता, कामाला चोख, पण त्याला देवनागरी वाचता येत नव्हती. त्याच्या दृष्टीने ती अक्षरं जागच्या जागी होती. मी स्क्रीनशॉट पाठवायचो, लाल बाण काढायचो, 'वरचा गोल कापला जातोय' असं इंग्रजीत समजावायचो. तो फॉन्टचा आकार कमी करून पाठवायचा. मग मी पुन्हा बाण काढायचो. असं दीड आठवडा चाललं. दोष त्याचा नव्हता. मला जे दिसत होतं ते त्याला दिसत नव्हतं, आणि त्याला जे करता येत होतं ते मला येत नव्हतं. मसालेवाल्या काकूंनी फोन करून विचारलं, "अहो, आमच्या मिरचीचं नाव असं काय केलंत?" तो प्रश्न मला फार लागला.

त्या रात्री मी ब्राउझरमध्ये एफ १२ दाबून पानामागचे नियम दाखवणारी खिडकी उघडली आणि ते नाव निवडलं. माझी १.५ लाइन-हाइट तिथे होती, पण खोडलेली. साइटच्या तयार थीममधला कार्डच्या शीर्षकाचा नियम तिच्यावर वरचढ ठरला होता: लाइन-हाइट १, शीर्षकाच्या चौकटीबाहेर जाईल ते लपवा, आणि लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, १ पिक्सेल. इंग्रजी कॅपिटल अक्षरांना अशी मोकळीक शोभते. देवनागरीची शिरोरेषा तिने तुटते. मी दोन आकडे बदलले. रेघ जुळली, वेलांट्या परत आल्या. दीड आठवड्याचं भांडण दोन मिनिटांत मिटलं.

मोजमाप माझ्याकडे नाही, हा एका माणसाचा अनुभव आहे. पण पुढच्या सोमवारपासून मी रोज संध्याकाळी तासभर सीएसएसला दिला. साधारण चार महिन्यांत हात बसला. डिझायनरला स्पेसिंग, मांडणी, अक्षरं आधीच कळत असतात, फक्त त्यांची नावं शिकायची असतात. २०१७ च्या मार्चमध्ये क्रोम, फायरफॉक्स आणि सफारीत सीएसएस ग्रिड, म्हणजे रांगा-स्तंभांत मांडणी करायची सोय, आली, तेव्हापासून मांडणीसाठी पूर्वीसारख्या खटपटी कराव्या लागत नाहीत.

मग अशा गोष्टी सापडत गेल्या ज्या फिग्मात मला कधी भेटल्याच नसत्या. पानाच्या अगदी वरच्या ओळीत भाषा लिहिलेली असते, आणि तयार टेम्प्लेटमध्ये ती सर्रास इंग्रजी असते. तिथे इंग्रजीच्या 'एन' च्या जागी मराठीचं 'एमआर' केलं, की नोटो सान्स देवनागरीसारख्या फॉन्टमध्ये ल आणि श मराठी वळणाचे होतात. तेच बघून स्क्रीन रीडर, म्हणजे पान मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, कोणत्या भाषेत वाचायचं ते ठरवतं. दोन अक्षरांत एवढं काम! फॉन्टचं ठळक वजन लोड केलं नसेल तर ब्राउझर स्वतःच अक्षर फुगवतो, आणि 'क्ष'च्या पोटातली जागा बुजते, हेही तिथेच कळलं. फोनसाठी ३६० आणि संगणकासाठी १४४० पिक्सेल रुंदीच्या दोन फ्रेम आखल्या की आपलं काम झालं असं मला वाटायचं. त्या दोन्हींच्या मधल्या रुंदीत 'महानगरपालिका' कुठे मोडतं, ते ब्राउझरची खिडकी हळूहळू ओढल्यावरच दिसतं.

याची किंमतही आहे. 'तुम्हाला कोड येतोच ना, मग तेवढं करून टाका,' असं क्लायंट सहज म्हणतो आणि दोन माणसांचं काम एका दरात मागतो. मी आता दरपत्रकात डिझाइन आणि सीएसएस वेगळ्या ओळींत लिहितो. डेव्हलपरच्या कामात नाक खुपसायचा मोहही होतो. तो आवरावा लागतो.

आता एआय कोड लिहून देतं, मग शिकायचं कशाला, असंही कोणी म्हणेल. मीही ते वापरतो. पण कापलेली वेलांटी त्याला आपणच दाखवून द्यावी लागते, आणि कोणत्या नियमाने ती कापली हे वाचता आलं तर एका फटक्यात काम होतं.

तेव्हा, मोठ्या टीममध्ये असाल आणि मन माणसांच्या निरीक्षणात रमत असेल, तर घाई नको. माझ्या सहकारीचं काही अडलेलं नाही. पण एकट्याने किंवा छोट्या एजन्सीत काम करत असाल, आणि त्यातही मराठी साइट करत असाल, तर मी सीएसएसच्या बाजूने आहे. पूर्ण कोर्सची फी भरायच्या आधी आपल्याच एखाद्या चालू साइटवर उजवं क्लिक करून इन्स्पेक्ट, म्हणजे एफ १२ ची तीच खिडकी, उघडा. एका शीर्षकाच्या जागी 'मूर्ती' लिहा, कारण रफार, वेलांटी आणि ऊकार तिन्ही त्या एका शब्दात आहेत. लाइन-हाइट १ पासून थोडी थोडी वाढवत न्या आणि शब्द कुठे मोकळा श्वास घेतो ते बघा. नवा फॉन्ट हाती आला की मी आजही पहिल्यांदा तोच शब्द लिहितो.