रॉथ्सचाइल्डिया की अ‍ॅटलास? साओ पाउलोच्या फोटोवरून नाव ठरवताना

मावसभाऊ साओ पाउलोला असतो, त्याने गेल्या आठवड्यात फोटो पाठवला. खिडकीच्या जाळीवर बसलेला हाताच्या पंजाएवढा विटकरी पतंग, चारही पंखांवर एकेक तिकोनी पारदर्शक खिडकी, आणि खाली लिहिलेलं ‘अ‍ॅटलास ना रे?’ पावसाळ्यात कोकणात किंवा सह्याद्रीत अ‍ॅटलास पाहिलेल्या कुणालाही हेच वाटणार, मलाही पहिल्या क्षणी तसंच वाटलं.

पण अ‍ॅटलास हा आशियातला पतंग. दक्षिण अमेरिकेत रानात असा चार खिडक्यांचा दिसला तर तो रॉथ्सचाइल्डिया, म्हणजे अ‍ॅटलाससारख्याच दिसणाऱ्या तिकडच्या पतंगांचा गट, असं धरून पुढे जा. म्हणून आधी जागा विचारा, रंग नंतर.

फोटो कुठला हेच माहीत नसेल तर पंखांची टोकं बघा. अ‍ॅटलासचं टोक बाहेर वळून नागाच्या फण्यासारखं दिसतं, ठिपका अगदी डोळ्यासारखा. रॉथ्सचाइल्डियाच्या टोकाशीही काळा ठिपका असतो पण फण्याचा भास तितका होत नाही. अ‍ॅटलासला पुढच्या पंखावर मोठ्या खिडकीजवळ बऱ्याचदा एक चिमुकली जादा खिडकी असते, तीही शोधा. आकार म्हणाल तर अ‍ॅटलास पंख पसरून 24-25 सेंटीमीटरपर्यंत जातो, रॉथ्सचाइल्डिया साधारण 10 ते 15, पण फोटोत शेजारी काही मापाचं नसेल तर आकारावर विसंबू नका. खिडकी चंद्रकोरीसारखी असेल तर हे दोन्ही सोडा, आसामच्या एरी रेशमाच्या पतंगाकडे वळा.

भावाच्या फोटोत झूम केल्यावर खिडकीतून मागची जाळी स्पष्ट दिसत होती, चौकोन मोजता येतील इतकी. तिथे पंखावर खवलेच जवळपास नसतात म्हणून असं होतं. ते बघून मी कितीतरी वेळ फोटोच पाहत बसलो!

आता खरी अडचण, रॉथ्सचाइल्डियातला नेमका कोण? साओ पाउलो येतं त्या आग्नेय ब्राझीलमध्ये त्याच्या ऑरोटा आणि जॅकोबी या दोन्ही जाती मिळतात, वर अरेथुसाही आहे. खिडकीच्या आकारावरून जात ठरवायचा मोह होतो पण एकाच जातीत ती लहानमोठी होते, त्यात जुने पंख झिजलेले, रंग उतरलेला. माझं मत स्पष्ट आहे, फक्त एका फोटोवर जातीचं नाव लिहू नका, ‘रॉथ्सचाइल्डिया’ एवढंच लिहा. पक्की खात्री हवी तर नराचे जननांग किंवा डीएनए तपासावा लागतो, तो वेगळाच उद्योग.

आणि एक, तिथे झाडाच्या खोडावर घोळक्याने चिकटलेल्या, फांद्या फुटलेल्या काट्यांच्या अळ्या दिसल्या तर हात लावू नका म्हणजे नकाच. लोनोमिया हाही अ‍ॅटलास-रॉथ्सचाइल्डियाच्याच कुळातला पतंग, त्याच्या अळीच्या विषाने शरीरात रक्तस्राव होतो, माणसं दगावलीत, त्यावरचा सीरम साओ पाउलोचीच बुटांटान संस्था बनवते. भावाला हे मी सगळ्यात आधी फोन करून सांगितलं, पतंगाचं नाव नंतर.

त्याला आता पंख मिटलेला, खालच्या बाजूचा फोटो मागितलाय, आणि जवळच्या झाडावर देठाने लोंबणारा रेशमी कोष आहे का तेही बघायला सांगितलंय.